‘फाइन’ म्हणजे नुसतं ‘चांगलं’? या चुका टाळा

ठाणे स्टेशनवरून पश्चिमेला बाहेर पडून गोखले रोडने चालायला लागलं की हा शब्द पावलोपावली भेटतो. ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली फाइन. सराफाकडच्या सोन्याच्या बिस्किटावर 999 फाइन. वाण्याकडे रव्याच्या पाकिटावर फाइन. पहिल्या मजल्यावरच्या हॉटेलच्या पाटीवर फाइन डाइन. आणि त्याच्या वरच्या मजल्यावरच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमधून तीस पोरांचा एका सुरातला गजर: आय ॲम फाइन. दंड, शुद्ध, बारीक, उंची, ठीक. जागा पाच, मराठी शब्द पाच. वहीत मात्र एकच ओळ: फाइन म्हणजे चांगला.

अवघड शब्द आला की लोक डिक्शनरी उघडतात. लहानपणापासून ओळखीच्या शब्दासाठी कोण उघडतंय? म्हणून घोळ होतो तो असल्याच शब्दांत. तेच ते घोळ इतक्या वेळा डोळ्यांखालून गेलेत की आता लिहून ठेवलेले बरे.

शेजारचं नाम न बघता अर्थ लावणं

ही सगळ्या चुकांची आई. फाइन हे विशेषण कोणाच्या शेजारी बसलंय त्यावर त्याचा अर्थ ठरतो. रेतीला लागलं की बारीक, सोन्याला लागलं की शुद्ध, कापडाला लागलं की तलम, हवेला लागलं की कोरडी-निरभ्र, फरकाला लागलं की सूक्ष्म. ‘अ फाइन डिस्टिंक्शन’ म्हणजे ‘चांगला फरक’ नव्हे, नीट निरखल्याशिवाय कळत नाही असा फरक. यातल्या प्रत्येकासाठी मराठीत वेगळा आणि नेमका शब्द आहे. तो आठवण्याएवढा वेळ कोणाला काढायचा नसतो, एवढंच.

नवी मुंबईतल्या एका गृहसंकुलाच्या साइटवर काय झालं ते बघा. माल तपासून घेण्याच्या इंग्रजी सूचना मराठीत करून मुकादमांना द्यायच्या होत्या. बारा पानं. ज्याच्याकडे काम आलं त्याने ती मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये टाकली, आलेला मजकूर चिकटवला आणि प्रिंट काढून मोकळा झाला. ‘फाइन ॲग्रीगेट’चं झालं ‘एकूण दंड’. खालच्या ओळीत रेतीतले ‘फाइन्स’ 15 टक्क्यांच्या आत असावेत असं होतं, त्याचं झालं ‘दंड 15 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा’. दुसऱ्या दिवशी क्रश सँडचा डंपर आला तर मुकादम चलानवर सही करेना. त्याचा प्रश्न सरळ होता: “यात एकूण दंड लिहिलाय. मी सही केली आणि उद्या माल खराब निघाला, तर पंधरा टक्के माझ्या पगारातून कापणार का?” डंपर दीड तास गेटवर उभा. त्या सगळ्या साखळीत कागद नीट वाचणारा माणूस एकच होता, तो मुकादम.

ॲग्रीगेट म्हणजे काँक्रीटमध्ये सिमेंट आणि पाण्याबरोबर जो दगडी माल पडतो तो. भारतीय मानक 383 प्रमाणे 4.75 मिलिमीटरच्या चाळणीतून ज्याचा बहुतेक भाग खाली पडतो तो फाइन, वर राहतो तो कोअर्स. साइटवर याला दोन साधे शब्द आहेत, रेती आणि खडी. मुंब्र्याचं रेतीबंदर ठाणेकरांना माहीत आहे, त्यामुळे शब्द शोधायला लांब जायला नको. ‘सूक्ष्म समुच्चय’ वगैरे लिहिणाऱ्यांनी एकदा पुरवठादाराला फोन करून दोन ब्रास सूक्ष्म समुच्चय मागवून बघावा.

‘फाइन्स’ हे अनेकवचन आणखी वेगळं. 75 मायक्रॉनच्या चाळणीतूनही जी भुकटी निसटते ती फाइन्स, साइटच्या भाषेत डस्ट. नैसर्गिक रेतीत ती 3 टक्क्यांपर्यंत चालते, दगड फोडून केलेल्या रेतीत 15 टक्क्यांपर्यंत. एवढा फरक का? नैसर्गिक रेतीतली भुकटी बहुतेक करून गाळ आणि चिकणमाती असते. ती दाण्याभोवती थर धरते आणि सिमेंटला दाण्याला चिकटू देत नाही. दगडाची भुकटी त्यामानाने निरुपद्रवी. पण तीही प्रमाणाबाहेर गेली की मिश्रण पाणी मागायला लागतं, पाणी वाढवलं की ताकद घटते आणि प्लास्टरला तडे जातात. शब्दाला एक ‘एस’ लागला की मालच बदलतो, तो असा.

त्याच कागदात दुसरा सापळा असतो, फाइननेस मॉड्युलसचा. नावावरून कोणालाही वाटेल की आकडा मोठा म्हणजे रेती जास्त बारीक. आहे उलटं. 4.75, 2.36, 1.18 मिलिमीटर आणि 600, 300, 150 मायक्रॉन अशा सहा चाळण्या मोठीखाली लहान या क्रमाने रचायच्या, वरून रेती टाकून हलवायच्या. प्रत्येक चाळणीपर्यंत मिळून किती टक्के माल अडकला ते मांडायचं, सहा आकड्यांची बेरीज करायची आणि 100 ने भागायचं. समजा आकडे आले 5, 15, 30, 55, 80 आणि 95. बेरीज 280, मॉड्युलस 2.80. अडकतो तो जाड माल, तेव्हा जितकं जास्त अडकलं तितका आकडा चढतो. 2.2 ते 2.6 म्हणजे बारीक रेती, 2.6 ते 2.9 मध्यम, 2.9 ते 3.2 जाड.

सुताराच्या पॉलिशपेपरला हा हिशेब लावलात तर फसाल. तिथे 80 नंबरपेक्षा 220 नंबर फाइन. सुताचंही पॉलिशपेपरसारखंच. 40 नंबरच्या सुतापेक्षा 100 नंबरचं सूत तलम, कारण एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात ते तो नंबर सांगतो, आणि सूत जितकं तलम तितक्या लडी जास्त. फाइनच्या शेजारी आकडा दिसला की तो नेमकं काय मोजतोय हे आधी विचारायचं, मगच बोलायचं.

उपाय फार हुशारीचा नाही. वाक्यात फाइन दिसलं की त्याच्या नामाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि आधी त्या नामाचं मराठी लिहायचं, तेही ज्याच्या हातात कागद जाणार आहे त्याच्या तोंडातलं. नाम जागेवर बसलं की विशेषण त्याच्यामागून येतं. ॲपवाल्यांना हे फार हळू वाटतं. दीड तासापेक्षा हळू नाही.

‘वर्किंग फाइनली’

‘द पंप इज वर्किंग फाइनली’ असं मेंटेनन्सच्या रजिस्टरात लिहिणाऱ्यांची संख्या काही कमी होत नाही. यंत्र ‘फाइन’ चालतं, कोथिंबीर ‘फाइनली’ चिरतात. चांगलं चाललंय म्हणायला फाइन तसंच्या तसं क्रियाविशेषण म्हणून वापरतात, शेपूट लावायचं नाही. शेपूट लावलं की अर्थ ‘बारीक’, ‘बारकाईने’ असा होतो. शिवाय वाचणाऱ्याला शंका येते की या माणसाला ‘अखेर एकदाचा पंप सुरू झाला’ असं तर म्हणायचं नाही ना! तो शब्द ‘फायनली’, त्यात ‘ई’च्या जागी ‘ए’ आणि दोन ‘एल’.

दंडाचा फाइन आणि कौतुकाचा फाइन वेगळे मानणं

यावर दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, योगायोग आहे, दोन वेगळे शब्द दिसायला सारखे झाले. दुसरे हसत सांगतात, दंड भरला की मामला फाइन होतो म्हणून फाइन. गंमत अशी की थट्टा करणारे खऱ्याच्या जास्त जवळ आहेत.

दोन्हींचा आजा एकच, लॅटिन ‘फीनिस’. त्याचा अर्थ शीव. ठाण्याहून सीएसएमटीकडे जाताना लागतं ते शीव स्टेशन, इंग्रजीत सायन. तिथे मुंबई बेटाची शीव होती, पलीकडे साष्टी. आपला ‘शीव’ संस्कृत ‘सीमा’वरून आला. रोमन लोक फीनिसचं अनेकवचन एखाद्या जमातीच्या मुलखासाठी वापरत, म्हणजे तिच्या शिवांच्या आतला प्रदेश. शीव आली की गाव संपतं, म्हणून फीनिसचा दुसरा अर्थ झाला शेवट. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचं ‘फँ’ झालं आणि तिथून इंग्रजीत येताना दोन फाटे फुटले.

पहिला फाटा विशेषणाचा. शेवटच्या टोकाला पोचलेलं ते पूर्णत्वाला पोचलेलं, यापुढे सुधारायला जागा नाही असं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपण ‘पराकाष्ठा’ म्हणतो, त्यातली ‘काष्ठा’ म्हणजे मर्यादाच. अरबीतून आलेल्या ‘कमाल’चा अर्थ मुळात पूर्णत्व, पण आपण कमाल तापमानही म्हणतो आणि ‘कमाल केलीस’ही म्हणतो. ‘हद्द झाली’ तर रोजचंच. तेराव्या शतकात इंग्रजीत आलेल्या फाइनचा अर्थ होता निर्दोष, शुद्ध, अव्वल दर्जाचा. धातू गाळून गाळून त्यातला मळ काढला की तो फाइन झाला, म्हणूनच गाळण्याच्या क्रियेला ‘रिफाइन’. अव्वल कारागिरी म्हणजे नाजूक कारागिरी, अव्वल सूत म्हणजे तलम सूत. या वाटेने शुद्धाचा बारीक झाला. पंधराव्या शतकापर्यंत तो सरसकट कौतुकाचा शब्द बनला होता, आणि वापरून वापरून गुळगुळीत होत आज ‘चालेल’वर येऊन टेकलाय.

दुसरा फाटा कोर्टकचेरीचा. भांडणाचा शेवट म्हणजे तडजोड, आणि तडजोडीत एकाने दुसऱ्याला मोजलेली रक्कमही फाइन. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर मांडवली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीची मालकी कोर्टात तडजोड झाल्याचं दाखवून हस्तांतरित करत, त्या दस्तालाच फाइन म्हणत. त्याची सुरुवात लॅटिनमध्ये ‘ही अंतिम तडजोड आहे’ अशा अर्थाच्या शब्दांनी व्हायची. 1195 पासून एकाच चामड्यावर तीन प्रती लिहायची पद्धत पडली: दोन पक्षांच्या दोन वर, तिसरी खालच्या कडेला. नागमोडी कापून वरच्या दोघांना दिल्या जात, खालची कोर्टाकडे राही. कापाचे दाते जुळले तर कागद खरा. खालच्या प्रतीला ‘फूट’ म्हणत, त्यामुळे इंग्लंडच्या दफ्तरखान्यात आजही ‘फीट ऑफ फाइन्स’ नावाची दप्तरं आहेत. याचं भाषांतर कोणी ‘दंडाचे पाय’ केलं तर आता आश्चर्य वाटायला नको. हस्तांतराची ही पद्धत 1833 च्या कायद्याने बंद झाली. शिक्षा म्हणून भरायची रक्कम हा आजचा अर्थ मात्र सोळाव्या शतकात रुळला.

‘फायनान्स’ही याच फाट्यावरचा. मूळ अर्थ देणं चुकतं करून मोकळं होणं. घोडबंदर रोडवर जागोजागी जे स्टॉल लावून बसलेले असतात, ते याच शब्दाखाली वीस-वीस वर्षांचं देणं गळ्यात घालतात.

दंडाच्या बाबतीत मराठीत लिहिताना आणखी एक चूक होते. फाइन आणि पेनल्टी या दोघांनाही ‘दंड’ लिहून टाकतात. बातमीत खपतं, कायदेशीर कागदात खपत नाही. शासनव्यवहारातल्या मराठीत फाइनला ‘द्रव्यदंड’ आणि पेनल्टीला ‘शास्ती’ असे वेगळे शब्द ठरलेले आहेत. मालमत्ता कराच्या थकबाकीवर महापालिका लावते ती शास्ती, गुन्हा शाबित झाल्यावर कोर्ट ठोठावतं तो द्रव्यदंड. ‘विथ इम्प्रिझनमेंट ऑर विथ फाइन ऑर विथ बोथ’ हे ‘कारावासाची किंवा द्रव्यदंडाची किंवा दोन्ही शिक्षा’. आणि पुस्तक उशिरा दिलं म्हणून वाचनालय घेतं त्याला ‘विलंब शुल्क’ लिहा, द्रव्यदंड लिहून म्हाताऱ्या सभासदांना घाबरवू नका.

नातेवाईक चुकवणं

फाइंड, फिश-फिन मधला फिन आणि सैतान अर्थाचा फीएन्ड यांचा फाइनशी काडीचा संबंध नाही, तिघेही जुने जर्मानिक शब्द आहेत. आयर्लंडच्या शिन फेन पक्षातला ‘फेन’ आयरिश आहे, त्याचा अर्थ ‘स्वतः’.

खरे सोयरे वेगळेच. डिफाइन म्हणजे शब्दाच्या शिवा आखणं. कन्फाइन म्हणजे शिवेच्या आत कोंडणं. फिनिश, फायनल, इन्फिनिट हे दिसतातच. ॲफिनिटी म्हणजे शिवेला शीव लागून असणं, त्यावरून इंग्रजी कायद्यात लग्नाने जुळलेलं नातं, आपली सोयरीक. आणि ज्याच्यावर कोणाला संशय येत नाही तो पॅराफिन: कार्ल रायशेनबाख या जर्मन रसायनज्ञाने 1830 च्या सुमारास हे मेण वेगळं काढलं, ते दुसऱ्या पदार्थांशी फारशी अभिक्रिया करत नाही असं दिसल्यावर लॅटिनमधल्या ‘कमी’ आणि ‘ॲफिनिटी’ या शब्दांपासून हे नाव आलं. सोयरीक न जुळवणारं मेण.

चहा विचारला आणि उत्तर आलं, ‘आय ॲम फाइन’

मालिकांच्या मराठी सबटायटलमध्ये ही चूक आठवड्याला एकदा तरी दिसते. पाहुणीला विचारतात, आणखी चहा? ती म्हणते, ‘आय ॲम फाइन, थँक्स.’ खाली अक्षरं येतात: ‘मी बरी आहे, धन्यवाद.’ बाईला ताप होता का? तिने ‘नको’ म्हटलंय. आपल्याकडे याला किती गोड शब्द आहेत: असू दे, राहू दे, पुरे आता. ‘असू दे’ तर इतका चपखल बसतो की तो न सुचणं हा गुन्हाच आहे. चूक कशाने होते? भाषांतर करणाऱ्यासमोर फक्त ओळींची यादी असते, चित्र नसतं. प्रश्न न बघता उत्तर भाषांतरित होतं. सबटायटलचं काम घेणाऱ्यांनी व्हिडिओ मागून घ्यावा, मिळत नसेल तर काम घेऊ नये.

ऐरोली, महापेच्या ऑफिसांत याचा दुसरा अवतार भेटतो. परदेशी क्लायंटला डेमो दाखवला, त्याने लिहिलं, ‘इट वॉज फाइन.’ टीमने समोसे मागवले. वास्तविक क्लायंट म्हणत होता, चाललं. इथे एक ढोबळ नियम कामाला येतो. फाइन नामाच्या आधी बसलं, ‘अ फाइन डेमो’, की ते कौतुक. क्रियापदाच्या मागे बसलं, ‘द डेमो वॉज फाइन’, की ती जेमतेम पसंती. हवा, तब्येत, दळणाची जाडी यांना हा नियम लावू नका, माणसाच्या कामाबद्दलच्या मताला लावा. आपल्याकडे पाहुण्याने आमटीचा घास घेऊन ‘बरी झालीय’ म्हटलं की वाढणारीचा चेहरा पडतो. तिला बरोबर कळलेलं असतं. तो ‘बरी’ आणि हा ‘फाइन’ सख्खे भाऊ.

‘आय ॲम व्हेरी फाइन’ इंग्रजी कानाला खटकतं. तब्येतीच्या अर्थाने फाइनला ‘व्हेरी’ लावत नाहीत, तिथे ‘व्हेरी वेल’ म्हणतात.

साहेबांनी मीटिंगची वेळ बदलली आणि तुम्ही उत्तरात नुसतं ‘फाइन’ लिहून पूर्णविराम दिलात, तर वाचणाऱ्याला ते ‘बरं! करा काय करायचं ते’ असं ऐकू येतं. ‘दॅट्स फाइन विथ मी’ म्हटलं की धार जाते. आणि काहीतरी मोठा गोंधळ झाल्यावर इंग्रज ‘अ फाइन मेस’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या ‘छान! उत्तम!’ सारखाच चिडलेला असतो.

सोन्याच्या दुकानात

सोन्याचा फाइननेस म्हणजे हजार भागांत शुद्ध सोनं किती. 22 कॅरेट म्हणजे 24 पैकी 22, हजारात 916. 18 कॅरेट 750, 14 कॅरेट 585. 20 ग्रॅमच्या 22 कॅरेटच्या बांगडीत फाइन बसतं 18.32 ग्रॅम, उरलेलं तांबं-चांदी वगैरे. सराफ-कारागीर आपसात ‘फाइन किती?’ विचारतात ते हेच वजन.

गिऱ्हाईक फसतं ते ‘फाइन ज्वेलरी’ या पाटीवर. त्याला वाटतं चोवीस कॅरेट. फाइन ज्वेलरी म्हणजे मौल्यवान धातू आणि खऱ्या रत्नांचे दागिने, खोट्या दागिन्यांपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून केलेला वर्ग. त्यात 18 कॅरेटची हिऱ्याची अंगठी बसते, किंबहुना तीच जास्त बसते, कारण शुद्ध सोनं मऊ असतं, खडा धरून ठेवत नाही. पाटी वाचत बसू नका, दागिन्यावरचा तीन आकडी फाइननेस आणि सहा अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक बघा.

जोडशब्द तोडून वाचणं

फाइन प्रिंट म्हणजे सुबक छपाई नव्हे. फ्लॅटच्या करारात तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत जे दिलेलं असतं ते, म्हणजे अटी. सुबक छपाई ती फाइन प्रिंटिंग. दोहोंत एका शेपटाचा फरक आहे.

फाइन आर्ट्स म्हणजे बारीक कामाची कला नव्हे. फ्रेंचमध्ये ‘बोझार’, सुंदर कला, म्हणत. 1746 मध्ये शार्ल बात्यूने त्या एका तत्त्वाखाली मांडल्या आणि इंग्रजीने ‘सुंदर’साठी फाइन हा शब्द योजला. मराठीत ‘ललित कला’ हा सुरेख शब्द असताना पोरं अर्जावर ‘फाईन आर्ट’ लिहितात, तेही दीर्घ ई देऊन. उच्चारात ती इ आखूडच आहे.

‘विथ अ फाइन-टूथ कोम’ याचं ‘बारीक दातांच्या कंगव्याने’ असं भाषांतर वाचलं की घरात आजी नव्हती का असं विचारावंसं वाटतं. त्या कंगव्याला फणी म्हणतात. उवा-लिखा काढायला तीच लागते, आणि वाक्प्रचारातही नेमका तोच भाव आहे. मराठीत ‘कसून तपासणे’ पुरतं.

फाइन-ट्यूनिंगला ‘सूक्ष्म-समायोजन’ लिहिणाऱ्यांनी एकदा तानपुरा लावताना बघावा. खुंटी पिळून तार सुराच्या जवळ आणतात, मग घोडीच्या खालचा मणी केसभर सरकवून ती सुरावर बसवतात. खुंटीचं काम ट्यूनिंग, मण्याचं काम फाइन-ट्यूनिंग. ज्यांना खुंटीनेच सगळं उरकायचं असतं त्यांची तार तुटते.

फॉरवर्डवर विश्वास

‘फाइन’ हा ‘फीलिंग्ज इनसाइड नॉट एक्स्प्रेस्ड’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आला, असा फॉरवर्ड दर दिवाळीला नव्या फुलांच्या चित्रावर येतो. खोटं आहे. आद्याक्षरं जोडून शब्द पाडण्याची सवय विसाव्या शतकात फोफावली, तोवर फाइन इंग्रजीत सहाशे वर्षं नांदत होता.

डिक्शनरीतला पहिला अर्थ खरा मानणं

मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी अर्थ कालक्रमाने देते, सर्वांत जुना आधी. विद्यार्थ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या जास्त चालणारा अर्थ आधी देतात. हे न बघता पहिली ओळ उचलली की एकाचं भाषांतर सातशे वर्षं मागे जातं आणि दुसऱ्याचं ‘ठीक’वर अडकतं. आणि मूळ अर्थ सापडला म्हणून तोच ‘खरा’ असंही धरू नका. ‘नाइस’ हा फाइनचा रोजचा सोबती, त्याचं मूळ लॅटिनमध्ये ‘अडाणी’ आहे. शेजाऱ्याला नाइस म्हणताना कोणाच्या मनात ते नसतं. रोज दहा शब्द पाठ करणाऱ्यांनी दहा दिवस रोज एकच शब्द घेऊन बघावा, फार फार तर नव्वद शब्द कमी येतील.

पियानोच्या कागदावरचा फाइन

क्लासला कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांसाठी ही शेवटची. पाश्चात्त्य स्वरलेखनात मधेच कुठेतरी एफ-आय-एन-ई लिहिलेलं असतं. तो इटालियन शब्द, उच्चार ‘फीने’, अर्थ शेवट, फीनिसचा थेट वारस. पहिल्या फेरीत त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जायचं. पानाच्या तळाला ‘दा कापो आल फीने’ आलं की पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरू करायचं, आणि या खेपेला तो शब्द लागला की तिथेच हात उचलायचा.